‘आत्म्यास सद्गती’ की ‘पुनरुत्थानाची आशा’? ख्रिस्ती अंत्यविधी: श्रद्धा आणि व्यवहार

सिमित्रीवाला (धागाकर्ता)

ख्रिस्ती घरात कुणी गेलं की शेजारपाजारचे, ऑफिसातले लोक ‘आत्म्यास सद्गती लाभो’, ‘ईश्वर मोक्ष देवो’ असे निरोप पाठवतात. भावना खरी असते, म्हणून कुणी दुरुस्त करत नाही, करूही नये. पण अलीकडे खुद्द ख्रिस्ती कुटुंबांच्या पत्रिकांवर आणि कबरीच्या दगडांवरही हीच भाषा दिसते. म्हणून हा धागा. श्रद्धा काय, विधी काय आणि प्रत्यक्ष करताना कुठे घोळ होतो, हे जाणकारांनी भर घालत लिहावं.

सुरुवात श्रद्धेपासून. दर रविवारी म्हटला जाणारा प्रेषितांचा विश्वासांगीकार ‘देहाचे पुनरुत्थान आणि सार्वकालिक जीवन’ इथे संपतो. ‘आत्म्याचे अमरत्व’ असं तिथे म्हटलेलं नाही. आत्मा शरीराच्या पिंजऱ्यातून सुटला आणि वर गेला, हे चित्र ग्रीकांकडे सापडेल, आपल्याकडे सापडेल. बायबलमधल्या प्रेषित पौलाच्या पत्रांत आशा आहे ती अख्खा माणूस पुन्हा उभा राहण्याची. १ करिंथ १५ मध्ये (करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय १५) तो बी पेरण्याचा दाखला देतो. पेरतो तो नुसता दाणा, उगवतं ते रोप. तेच शरीर, पण नाशवंत नसलेलं. तिथे त्याने वापरलेला शब्द ‘आध्यात्मिक शरीर’ असा आहे, ‘शरीराविना आत्मा’ असा नाही.

मराठीत तीन शब्द एकमेकांत मिसळतात, ते आधी वेगळे करू.

पुनर्जन्म: दुसऱ्या देहात पुन्हा येणं. ख्रिस्ती श्रद्धेत याला जागा नाही. इब्री ९:२७ सांगतं, माणसाला एकदाच मरायचं आहे आणि त्यानंतर न्याय. योहान ३ मधलं ‘नव्याने जन्मणे’ याच आयुष्यातलं आहे, त्याचा मरणोत्तर जन्माशी संबंध नाही.

पुनरुज्जीवन: मेलेला जिवंत होऊन याच आयुष्यात परतणं. योहान ११ मधला लाजर चार दिवसांनी कबरेतून बाहेर आला, पण तो पुढे पुन्हा मेलाच.

पुनरुत्थान: ज्याच्यापुढे मरण उरत नाही असं उठणं. इस्टरला साजरं होतं ते हे. पत्रिकेवर ‘पुनरुज्जीवनाच्या आशेने’ छापणारे प्रेसवाले बरेच आहेत, प्रूफ नीट बघा.

ग्रीकपाठ

छान सुरुवात. ‘सिमित्री’ (दफनभूमी) या शब्दावर एक भर. वसईत सिमित्री, गोव्याच्या कोकणीत सिमितेर. दोन्ही पोर्तुगीज ‘सेमितेरियु’वरून. त्याच्या मुळाशी ग्रीक ‘कोइमेतेरिअन’, म्हणजे निजण्याची जागा. पहिल्या शतकांतल्या ख्रिस्ती लोकांनी दफनभूमीला मुद्दाम हा शब्द रूढ केला, कारण निजलेला उठतो. ‘प्रभूच्या ठायी निजले’ हा मराठी मंडळ्यांतला वाक्प्रचार त्याच वळणाचा आहे. त्यामुळे ‘दुःखद निधन’ आणि ‘प्रभूच्या ठायी निजले’ एकाच ओळीत छापलं तरी विसंगती नाही. १ थेस्सल ४:१३ शोक करू नका असं म्हणत नाही, ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा करू नका असं म्हणतं. लाजरच्या कबरेपाशी येशू स्वतः रडला (योहान ११:३५).

आणखी एक. मराठी बायबलमध्ये हिब्रू ‘नेफेश’साठी बहुतेक ठिकाणी ‘जीव’ येतो, ‘आत्मा’ नाही. उत्पत्ती २:७ मध्ये देव माती घडवून श्वास फुंकतो तेव्हा मनुष्य ‘जीवधारी प्राणी’ होतो. म्हणजे माणसाला जीव ‘असतो’ असं नव्हे, माणूस जीव ‘होतो’. अद्वैतातला आत्मा डोक्यात ठेवून बायबल वाचलं की हा फरक निसटतो.

रात्रपाळी

मग मरण आणि शेवटचा दिवस यांच्यामधल्या काळाचं काय? आज गेलेला माणूस आत्ता कुठे असतो?

सिमित्रीवाला

इथेच चर्चमध्ये फाटे फुटतात.

कॅथलिक शिकवण: मरताक्षणी व्यक्तिगत न्याय होतो, आणि जगाच्या अंती सर्वांचा अंतिम न्याय. शुद्ध झालेले आत्मे अंतिम दिवसाची वाट न बघता थेट देवाचं दर्शन घेतात, हे पोप बेनेडिक्ट बारावे यांनी १३३६ मध्ये ठामपणे जाहीर केलं. त्याआधी यावर बराच वाद झाला होता. पण हे दर्शनसुद्धा शेवटचा मुक्काम नाही, शरीर परत मिळायचं बाकीच असतं. देवाच्या कृपेत मेलेले पण अजून शुद्धी बाकी असलेले शुद्धीस्थानात असतात. तिथून कुणी नरकात जात नाही, मार्ग एकाच दिशेचा.

प्रोटेस्टंट मंडळ्या शुद्धीस्थान मानत नाहीत. विश्वासणारा ख्रिस्ताजवळ असतो, एवढ्यावर त्या थांबतात. आधार लूक २३:४३, वधस्तंभावरच्या चोराला येशूने दिलेलं वचन: ‘आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील’. शिवाय फिलिप्पै १:२३.

औंधरोड

तिसरा गट राहिला. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट (पुण्यात औंधचं स्पायसर त्यांचंच) मानतात की मेलेला माणूस पुनरुत्थानापर्यंत काहीही न जाणता झोपलेला असतो. आधार उपदेशक ९:५, ‘मृतांस तर काहीच कळत नाही’. त्यांच्या मते नरकही कायम जळत राहणारा नाही, दुष्टांचा शेवटी पूर्ण नाश होतो. त्यामुळे त्यांच्याकडे सांत्वनाला गेल्यावर ‘ते वरून आपल्याकडे बघतायत’ म्हणू नका, ते त्यांच्या शिकवणीच्या थेट उलट जातं.

लूक २३:४३ बद्दलही त्यांचं म्हणणं वेगळं. मूळ ग्रीक हस्तलिखितांत विरामचिन्हं नव्हती, म्हणून ‘मी तुला आज सांगतो, तू सुखलोकात असशील’ असंही वाचता येतं, असं ते म्हणतात.

ग्रीकपाठ

व्याकरणाने शक्य आहे, पण पटत नाही. ‘मी तुला खचीत सांगतो’ हे सूत्र शुभवर्तमानांत वारंवार येतं, आणि त्याला ‘आज’ जोडलेलं दुसरं एकही उदाहरण नाही. बहुतेक भाषांतरकार स्वल्पविराम ‘आज’च्या आधी देतात तो म्हणूनच.

नगरी_मंडळी

शुद्धीस्थानावरचा वाद मुळात बायबल कोणतं, इथून सुरू होतो हे सांगायला हवं. कॅथलिक २ मक्काबी १२:४३-४६ पुढे करतात: यहूदा मक्काबी लढाईत पडलेल्यांच्या पापार्पणासाठी दोन हजार चांदीची नाणी गोळा करून यरुशलेमला पाठवतो, कारण तो पुनरुत्थान मानत होता. प्रोटेस्टंट बायबलात हे पुस्तकच नाही. मग उरतं १ करिंथ ३:१५, ‘अग्नीतून बाहेर पडल्यासारखा’ तारला जाणारा माणूस. त्यातून शुद्धीस्थान निघतं का, यावर प्रामाणिक मतभेद आहेत. अँग्लिकनांच्या (इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतल्यांच्या) एकोणचाळीस श्रद्धा-कलमांपैकी बाविसावं तर ही शिकवण सरळ नाकारतं.

माझं मत: सोळाव्या शतकातलं भांडण शुद्धीस्थानापेक्षा त्याभोवती चाललेल्या दंडमाफीच्या (पापाची शिक्षा माफ करण्याच्या) बाजारावर जास्त होतं. आज भांडायला तेवढं कारण राहिलेलं नाही.

सिमित्रीवाला

सहमत. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ च्या परिपत्रकात तर शुद्ध करणारी आग म्हणजे ख्रिस्ताशी होणारी भेटच असावी, या मताचा आदराने उल्लेख केला. कढया आणि ज्वाळा चित्रकारांच्या.

आता कॅथलिक क्रम, व्यवहारासकट.

फादरांना वेळेत बोलवा. सगळ्यांत मोठी चूक इथेच होते. ‘फादर आले म्हणजे संपलं’ या भीतीने घरचे थांबतात, आणि माणूस बेशुद्ध झाल्यावर फोन जातो. रुग्णाभ्यंग (आजाऱ्याला आशीर्वादित तेल लावणं) हा आजाऱ्याचा संस्कार आहे, मरणाऱ्यापुरता नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्येच हे स्पष्ट केलं. मोठ्या ऑपरेशनआधी घेता येतो, प्रकृती पुन्हा ढासळली तर पुन्हा घेता येतो. तेल कपाळाला आणि दोन्ही तळहातांना लावतात. बिशपांनी आशीर्वादित केलेलं ऑलिव्ह तेल ही रीत, पण १९७२ पासून कोणतंही वनस्पती तेल चालतं, आणि निकडीच्या वेळी फादर तिथल्या तिथे आशीर्वाद देऊ शकतात. हा संस्कार फक्त धर्मगुरूच देऊ शकतो. माणूस शुद्धीवर असेल तर क्रम असा: पापनिवेदन, अभ्यंग, शेवटचा प्रभुभोजनाचा प्रसाद. याला लॅटिनमध्ये ‘वियातिकुम’ म्हणतात, म्हणजे वाटेची शिदोरी. गिळता येत नसेल तर कणभर, किंवा द्राक्षारसाचा थेंब.

माणूस गेल्यावर अभ्यंग देत नाहीत. गेलाय की नाही अशी शंका असेल तर देतात. नक्की गेला असेल तर फक्त प्रार्थना.

मयताचे तीन टप्पे: घरी जागर व प्रार्थना, देवळात मिस्सा (प्रभुभोजनाची उपासना), सिमित्रीत निरोप. (वसईत चर्चला देऊळच म्हणतात, बाहेरच्यांनी गोंधळू नये.) देवळात पेटीजवळ इस्टरची मोठी मेणबत्ती पेटवतात आणि पेटीवर पवित्र पाणी शिंपडतात. दोन्ही गोष्टी बाप्तिस्म्यातल्या, मुद्दाम शेवटी परत आणलेल्या. प्रापंचिकाचे पाय वेदीकडे, धर्मगुरूचं डोकं वेदीकडे. जो जसा बसायचा किंवा उभा राहायचा, तसाच.

दिवस ठरवण्याआधी पंचांग नाही, पण चर्चचं कॅलेंडर बघा. पवित्र गुरुवार ते पवित्र शनिवार, इस्टरचा दिवस, आगमनकाळ (नाताळाआधीचा), उपवासकाळ (इस्टरआधीचा) व पुनरुत्थानकाळातले (इस्टरनंतरचे) रविवार आणि बंधनकारक मोठे सण या दिवशी मयताचा मिस्सा होत नाही. दफन होतं, मिस्सा नंतरच्या दिवशी.

प्रवचनाच्या जागी गुणगानाचं भाषण नको, हा नियम आहे आणि तो सर्रास मोडला जातो. बोलायचंच असेल तर प्रभुभोजनानंतर एकानेच, तीन-चार मिनिटं.

रात्रपाळी

आत्महत्या केलेल्याला सिमित्रीत जागा देत नाहीत, हे खरं का?

सिमित्रीवाला

आता नाही. १९१७ च्या धर्मविधी संहितेत तशी बंदी होती, १९८३ च्या संहितेत ती उरली नाही. मानसिक यातना, भीती यांनी जबाबदारी कमी होते आणि देव अशा माणसालाही त्याला ठाऊक असलेल्या वाटेने पश्चात्तापाची संधी देऊ शकतो, असं कॅथलिक धर्मशिक्षण सांगतं. तान्ह्या बाळांचंही तसंच. बाप्तिस्मा द्यायचा आईबापांचा मानस होता पण बाळ आधीच गेलं, तर बिशपांच्या परवानगीने चर्चचा विधी होऊ शकतो. नाही म्हणणारं कुणी भेटलं तर संहितेतलं कलम ११८३ वाचायला सांगा.

मात्र अपघात किंवा आत्महत्येत पोलिस पंचनामा आणि शवविच्छेदन होईपर्यंत मृतदेह मिळत नाही. मिस्साची वेळ त्याआधी जाहीर करू नका.

नगरी_मंडळी

प्रोटेस्टंट बाजू लिहितो. आधी हे ध्यानात घ्या की आमच्याकडे ‘एकच’ पद्धत नाही. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला सहा चर्चेस एकत्र येऊन झालं. त्यामुळे मुंबईच्या जुन्या अँग्लिकन चर्चमधला छापील विधी आणि नगरकडच्या, अमेरिकन मराठी मिशनच्या वारशातल्या मंडळीची मोकळी प्रार्थना, दोन्ही एकाच चर्चचे. मेथॉडिस्ट वेगळे, पेंटेकोस्टल त्याहून वेगळे.

गाभा मात्र सारखा. घरी थोडी प्रार्थना, चर्चमध्ये गीत, शास्त्रवाचन (स्तोत्र २३, योहान ११ किंवा १४, १ करिंथ १५, प्रकटीकरण २१), संदेश, मग स्मशानभूमी. मृतासाठी प्रार्थना करायची नाही, मागे राहिलेल्यांसाठी करायची. हा फरक छोटा वाटतो, पण कॅथलिक-प्रोटेस्टंट लग्न झालेल्या घरात नेमका इथेच खटका उडतो. पाळकांना आधी सांगून ठेवा, म्हणजे ‘यांच्या आत्म्याला शांती दे’ अशी विनंती ऐनवेळी पुढे येत नाही. काही दिवसांनी घरी सांत्वनाची प्रार्थनासभा होते. तिला श्राद्ध समजू नये. तिच्याने मृताच्या स्थितीत काही बदलतं असं कुणी मानत नाही.

कबरीवर ‘मातीस माती, राखेस राख, धुळीस धूळ’ म्हणत माती टाकतात. हे शब्द इंग्लंडच्या १५४९ च्या प्रार्थनापुस्तकातून आले. बायबलात ते जसेच्या तसे नाहीत, उत्पत्ती ३:१९ वर बेतलेले आहेत. आणि वाक्य तिथे संपत नाही. लगेच पुढे पुनरुत्थानाच्या ‘खात्रीच्या आशेने’ असं येतं. घाईत हा भाग गाळतात आणि मग फक्त धूळ उरते.

खाडीकिनारा

दहनाबद्दल कोणी लिहा. शहरात जागाच नाही.

सिमित्रीवाला

कॅथलिकांना ५ जुलै १९६३ च्या आदेशापासून दहनाची मुभा आहे. अट एकच, पुनरुत्थान नाकारण्यासाठी ते केलेलं नसावं. दफनाला पसंती कायम. अस्थींबद्दल २०१६ चा आदेश कडक आहे: घरी ठेवायच्या नाहीत, विखरायच्या नाहीत, नदी-समुद्रात सोडायच्या नाहीत, नातेवाइकांत वाटायच्या नाहीत, लॉकेटमध्ये भरायच्या नाहीत. सिमित्रीत किंवा चर्चच्या कोनाड्यात ठेवायच्या. डिसेंबर २०२३ मध्ये थोडी सूट मिळाली: विश्वस्वरूपवाद (निसर्ग म्हणजेच देव, हे मत) वगैरे गैरसमज नसेल तर अस्थींचा अगदी थोडा अंश मृताच्या जिव्हाळ्याच्या जागी ठेवायची परवानगी चर्च देऊ शकतं, आणि अनेकांच्या अस्थी एकत्र ठेवताना प्रत्येकाचं नाव नोंदलेलं असावं.

ग्रीकपाठ

देह जळला तर उठणार कसा, हा प्रश्न सन १७७ मध्ये निकालात निघाला आहे. आजच्या फ्रान्समधल्या ल्योंमध्ये छळ करणाऱ्यांनी ख्रिस्ती हुतात्म्यांचे देह जाळून राख ऱ्होन नदीत टाकली, ती मुद्दाम, यांचं पुनरुत्थान होऊ नये म्हणून. हे चर्चचा इतिहासकार युसेबियसने नोंदवलं आहे. चर्चने त्या सगळ्यांना हुतात्मे म्हणून मानाचं स्थान दिलं. देवाला कणांची यादी लागते असं तेव्हाही कुणी मानलं नाही. नेत्रदान, देहदानही त्याच न्यायाने चालतं.

फावडे_टिकाव

आता खड्ड्याकडे येऊ. श्रद्धा कितीही पक्की असली तरी दोर अडकला की सगळ्यांची तारांबळ उडते.

पेटीपेक्षा खड्डा प्रत्येक बाजूने निदान सहा इंच मोठा हवा. खोली साधारण पाच-सहा फूट. तळाशी आडव्या दोन फळ्या किंवा विटांच्या दोन रांगा ठेवा. पेटी त्यावर टेकली की दोर खालून सुटा निघतो. हे केलं नाही तर दोर पेटीखाली दबतो, आणि ओढताना पेटी कलते. खांद्याखालच्या टोकाला वजन जास्त असतं, म्हणून तिकडे धट्टीकट्टी माणसं.

पावसाळ्यात किनारपट्टीला आदल्या रात्री खणू नका. सकाळपर्यंत खड्डा विहीर होतो आणि कडा ढासळतात. विधीच्या तीन-चार तास आधी खणा, कडेला फळ्या लावा, उपसायला बादली-दोर किंवा छोटा पंप ठेवा. काढलेली माती कडेपासून दोन फूट लांब टाका. लोक कडेला गर्दी करतात, मातीचा भार आणि माणसांचा भार एकाच काठावर आला की तो सुटतो.

पेटीत काय नको ते महत्त्वाचं. प्लॅस्टिकचं अस्तर, रेक्झिन, पॉलिएस्टरचा सूट, नायलॉनची साडी, बूट. सामायिक कबर काही वर्षांनी पुन्हा वापरायची असते. प्लॅस्टिकमध्ये हवा जात नाही, ओल अडकते, चरबीचं मेणासारखं शवमेण होतं आणि देह वर्षानुवर्षं तसाच राहतो. मग कबर उघडल्यावर जे दिसतं ते घरच्यांनी बघू नये असं असतं. वसईतल्या काही धर्मग्रामांनी (पॅरिशनी) म्हणूनच पेटी वापरणंच थांबवून सुती कफनात दफन सुरू केलं. तिथे खांदे, कंबर, गुडघे असे तीन रुंद कापडी पट्टे लागतात. दोनच घेतले तर देह मधे वाकतो.

कागद: दवाखान्यात मृत्यू असेल तर नमुना ४, घरी असेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरकडून नमुना ४-अ. नोंदणी २१ दिवसांत. चर्चच्या दफन नोंदवहीतला उतारा म्हणजे पालिकेचा दाखला नव्हे, दोन्ही घ्या.

खाडीकिनारा

२ नोव्हेंबरला सिमित्रीत जाताना काय करावं? बिगरख्रिस्ती मित्रांनी आलेलं चालतं का?

सिमित्रीवाला

चालतं की. फुलं ठेवा, मेणबत्ती लावा, शांत उभे राहा. मृतात्म्यांचा हा दिवस (ऑल सोल्स डे) फ्रान्समधल्या क्लूनीच्या मठाधिपती ओडिलोने साधारण ९९८ मध्ये आपल्या मठांत सुरू केला, तिथून पसरला. कॅथलिकांसाठी १ ते ८ नोव्हेंबरात सिमित्रीला भेट देऊन केलेल्या प्रार्थनेला पूर्ण दंडमाफी जोडलेली आहे, ती फक्त मृतांसाठी अर्पण करता येते. पापनिवेदन, प्रभुभोजन, पोपमहोदयांच्या हेतूंसाठी प्रार्थना आणि पापाची ओढ सोडणं या अटी.

मेणबत्ती थेट संगमरवरावर चिकटवू नका. मेण दगडात मुरतं, पिवळा डाग राहतो. पत्र्याच्या थाळीत वाळू, त्यात मेणबत्ती.

टाकीचे_घाव

दगडाचा विषय निघालाच आहे तर. पहिला पावसाळा जाईपर्यंत पक्की कबर बांधू नका. भर खचते आणि त्यावरची लादी मधोमध तडकते. तोवर लाकडी क्रूस आणि नावाची पाटी पुरे.

मजकुरात ‘ख्रिस्तवासी’ किंवा ‘प्रभूच्या ठायी निजले’, दोन तारखा आणि एक वचन, याहून जास्त नको. लहान देवनागरी अक्षरांत रकार, अनुस्वार दहा वर्षांत शेवाळाने भरतात. अक्षर निदान पाऊण इंच उंच ठेवा.

वचनाचा संदर्भ कारागिराला व्हॉट्सॅपवर पाठवू नका, कागदावर पूर्ण नावाने लिहून द्या. ‘पुनरुत्थान व जीवन मीच आहे’ हे योहान ११:२५. त्याच्या आधी हौसेने ‘१’ घातला की ते योहानाचं पहिलं पत्र होतं, आणि त्या पत्राला अध्यायच पाच. ‘मरणे हे लाभ आहे’ हे फिलिप्पै १:२१. संक्षेप ‘फिलि.’ असा हवा. एका वेलांटीच्या जागी मात्रा पडून ‘फिले.’ झालं, तर संदर्भ जातो फिलेमोनाच्या पत्राला. तिथेही एकविसावी ओवी आहे, म्हणून प्रूफ बघणाऱ्यालाही संशय येत नाही. त्या ओवीत पौल म्हणतो, तू माझं ऐकशील अशी खात्री आहे म्हणून तुला लिहिलं.

नगरी_मंडळी

😀 बायकोने नवऱ्याच्या दगडावर मुद्दाम कोरून घेतलं असेल तर गोष्ट वेगळी.